पैलवान आणि कालव्याची परिपत्रकं

अध्यापक कॉलनीत हेमलता निकमबाईंचा आवाज ओळखत नाही असं माणूस नव्हतं. बाईंनी कऱ्हाडच्या एका शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या मुलीच्या बुटाची नाडी सुटलेली त्यांना दिसायची, आणि ते त्या तिथूनच सांगायच्या. शाळेनं ध्वनिक्षेपक घेतला तेव्हा बाईंनी तो एकदा हातात धरून पाहिला आणि परत केला. निवृत्त झाल्या, घरात एकट्या उरल्या, तरी आवाज तेवढाच राहिला. ऐकणारे मात्र चारशे विद्यार्थ्यांवरून एका कुत्र्यावर आले.

कुत्र्याचं नाव पैलवान. बाप ग्रेट डेन, आई कारवानी शिकारी जातीची. उंची बाईंच्या कमरेच्या वर, वजन बावन्न किलो आणि छाती चिमणीएवढी. मिक्सर सुरू झाला की तो पलंगाखाली लपायचा. म्हणजे डोकं लपायचं, बाकीचा पैलवान खोलीभर पसरलेला असायचा.

सातव्या वर्षी तो पुढचा उजवा पाय टाकेनासा झाला. बाईंनी शेक दिला, तिळाचं तेल चोळलं, "चाल! एक-दोन, एक-दोन!" करून अंगणात फिरवलं. मनगटाजवळची सूज हटेना, तेव्हा त्या त्याला घेऊन पशुवैद्यकीय महाविद्यालयात निघाल्या. चालकाविना चालणाऱ्या रिक्षानं पैलवानाचं वजन मोजून त्याला माणूस धरलं आणि "प्रवासी क्रमांक दोन, कृपया पट्टा लावा" असं तेरा वेळा सांगितलं. शेवटी बाईंनी त्याला पट्टा लावला, तेव्हा रिक्षा हलली.

तपासणीच्या खोलीत पांढऱ्या कोटातली एक तरुण डॉक्टर आली, बाईंना पाहिलं आणि नकळत टाचा जुळवून उभी राहिली.

"थोरात," बाई म्हणाल्या. "दहावी ब. लांब उडीत रेषेवर पाय द्यायचीस."

"हो बाई." डॉक्टर ईशानी थोरातनं मान खाली घातली. मग पायाचा फोटो पडद्यावर लावला आणि तिचा आवाज बदलला. "बाई, हाडाचा कॅन्सर आहे. मोठ्या कुत्र्यांना होतो. माणसांत पोराटोरांना होतो तसलाच."

बाईंनी खाली पाहिलं. पैलवान त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून पडला होता.

"पाय काढावा लागतो," ईशानी म्हणाली. "आणि काढला तरी पुष्कळदा तो फुप्फुसात पोचलेला असतो. पण आमच्याकडे एक नवं औषध आहे. सात कुत्र्यांवर चाचणी चाललीय. आठवा घेता येईल."

"कळेल असं सांग."

ईशानीनं इकडेतिकडे पाहिलं. "बाई, परेड संपली की तुम्ही काय म्हणायचात?"

"विसर्जन."

"तेच. शरीरात रोज कोट्यवधी पेशींना तो हुकूम मिळतो. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवायची पुरी तयारी असते. पी-त्रेपन्न नावाचं एक प्रथिन देखरेख करतं. पेशीतला नकाशा दुरुस्तीपलीकडे बिघडला की ते हुकूम सोडतं. मग बॅक्स नावाची प्रथिनं पेशीच्या वीजघरांना भोकं पाडतात. आतला रस बाहेर झिरपला की कात्र्यांसारखी प्रथिनं जागी होतात आणि पेशीचे नीट तुकडे करतात. शेजारच्या पेशी ते उचलून टाकतात. गडबड नाही, सूज नाही. हे ठरवून मरणं आहे."

"मग याच्या पायात काय झालंय?"

"तिथली देखरेख मोडलीय, आणि रखवालीची प्रथिनं माजलीत. बीसीएल कुळातली. ती बॅक्सचे हात घट्ट धरून बसतात. वीजघराला भोक पडत नाही, म्हणून पेशी मरत नाही, नुसती वाढते. आमचं औषध रखवालदाराला गुंतवून ठेवतं. बॅक्सचे हात सुटतात आणि पुढचं पेशी स्वतःच करते."

"मग दे की औषध! वाट कसली बघतेस?"

पैलवान दचकून टेबलाखाली शिरला. टेबल उचललं गेलं.

"अडचण अशी आहे बाई," ईशानी टेबल धरत म्हणाली, "रक्त गोठवणाऱ्या पेशीही याच रखवालदाराच्या जिवावर जगतात. औषध जास्त झालं तर त्या मरतील. म्हणून थेंब थेंबच द्यायचं, आणि एकही थेंब वाया घालवायचा नाही. कुत्रा ताणात असला की अंगातलं ताणाचं रसायन वाढतं, ते या गाठीत रखवालदारांची आणखी भरती करतं. अशा वेळी दिलेलं औषध फुकट जातं."

तिनं कपाटातून गळ्यात बांधायचा एक रुंद राखाडी पट्टा काढला. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया होत्या. त्या सतत ताण मोजायच्या. ताण उतरला की हिरवा दिवा लागून औषध झिरपू लागायचं. चढला की लाल दिवा, औषध बंद. सहा आठवड्यांत हिरवे शंभर तास भरायला हवे होते.

"झोपेत दिवा हिरवाच असेल," बाई म्हणाल्या.

"नाही बाई. हाडाचा ठणका झोपताना वाढतो. दिवसाच जमवावं लागेल. त्याला फक्त शांत ठेवा."

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या, आणि कॉरिडॉरमधली तीन कुत्री भुंकायला लागली.

*

दहाव्या दिवशी ईशानी स्वतः घरी आली. शंभरांपैकी नऊ तास झाले होते.

"मी मिक्सर लावला नाही," बाई म्हणाल्या. "कुकरची शिट्टी काढून ठेवली. दारावरची घंटा तोडली. आणखी काय करू?"

ईशानीनं टॅबलेट पुढे केला. त्यावर डोंगरच डोंगर होते. "ताण चढला की पट्टा आसपासचा आवाजही टिपतो, बाई. हा पहिला डोंगर." तिनं बोट ठेवलं.

"पैलवाऽऽन! जेवायला!"

दुसऱ्या डोंगरावर बोट ठेवलं. "पैलवाऽऽन! कसं वाटतंय आता?"

तिसऱ्यावर. "शाब्बास रे माझ्या वाघा!"

बाईंनी टॅबलेट हातातून घेतला आणि एकेका डोंगरावर स्वतः बोट ठेवून ऐकलं. सगळे त्यांचेच होते. शेवटी तर नुसताच "बाळा" होता. तोसुद्धा डोंगर.

"सात वर्षं," त्या म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू गेला नसता. "सात वर्षं मी याला घाबरवतेय?"

"घाबरतो म्हणजे... त्याचं तुमच्यावर प्रेम आहेच, बाई. फक्त कान फार तिखट आहेत." ईशानी घाईघाईनं म्हणाली. "पण हे बघा. रोज चार ते पाचच्या सुमाराला सपाट मैदान लागतं. तुमचे नऊ तास तिथूनच आलेत. तेव्हा काय लावता तुम्ही? रेडिओ?"

"मी तेव्हा बाजारात असते."

हिरवा दिवा लागतानाही पट्टा आवाज टिपत असे. ईशानीनं तो तुकडा लावला. लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा एक पुरुषी आवाज ऐकू आला. चढ नाही, उतार नाही. "...उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, डाव्या कालव्याच्या साखळी क्रमांक एकोणीस येथील दरवाजाचे ग्रीस बदलण्याबाबत..."

"हे काय आहे?" ईशानीनं विचारलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सबनीस."

*

मोरेश्वर सबनीस शेजारच्याच घरात राहत. पाटबंधारे खात्यात आवक-जावक कारकून म्हणून अख्खी नोकरी केलेली. चार वर्षं बाईंशी अबोला, आणि तो नगरपालिकेकडे चौदा तक्रारी करून पाळलेला. प्रत्येक तक्रारीवर जावक क्रमांक. विषय: सदर कुत्रा.

कारण कवळीचं होतं. सबनिसांनी कवळी धुऊन ओट्यावर वाटीत ठेवली होती. तीन वर्षांच्या पैलवानानं ती उचलली आणि तोंडात धरून कॉलनीभर फिरला. लोकांना वाटलं कुत्रं हसतंय. सबनीस मागून तोंडावर रुमाल धरून धावत होते आणि जे ओरडत होते त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. बाई हसल्या. बाईंचं हसणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. ते ऐकून तीन गल्ल्यांतले लोक बघायला आले. सबनिसांनी कवळीबद्दल कधीच माफ केलं असतं. त्या हसण्याबद्दल नाही.

बाईंना हुकूम सोडता येत होते, विनंती कधी करावी लागली नव्हती. त्या सबनिसांच्या दारात पाच मिनिटं उभ्या राहिल्या. सबनिसांनी दार उघडलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तक्रारीच्या अनुषंगाने आला असाल तर लेखी द्या," ते म्हणाले.

"सबनीस, पैलवानाला हाडाचा कॅन्सर आहे."

सबनिसांचा हात कडीवरच राहिला. बाईंनी सगळं सांगितलं. पट्टा, दिवा, रखवालदार प्रथिनं, शंभर तास. बोलताबोलता आवाज चढला की त्या स्वतःच तोंडावर हात ठेवत.

"म्हणजे," सबनीस सावकाश म्हणाले, "माझं वाचन ऐकून त्याच्या गाठीतल्या पेशी मरतात?"

"तसंच म्हणा."

"बत्तीस वर्षं खात्यात होतो, बाई. माझं वाचन ऐकून माणसं झोपलेली पाहिली. पेशीपर्यंत गोष्ट जाईल असं वाटलं नव्हतं."

बाईंना हसू फुटत होतं. त्यांनी ते मोठ्या कष्टानं गिळलं. सबनिसांच्या ते लक्षात आलं. ते आत गेले आणि दहा मिनिटांनी एक कागद घेऊन आले. अटी दोन होत्या. एक, वाचनाच्या वेळेत श्रीमती निकम यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नये. दोन, कवळीप्रसंगी केलेल्या हास्याबद्दल तोंडी दिलगिरी, शक्यतो हळू आवाजात.

बाईंनी दिलगिरी दिली. कॉलनीतल्या कुणाला ऐकू गेली नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून सबनीस जाडजूड फायली बगलेत मारून तीन वाजता येऊ लागले. उरलेल्या दिवसांत रोज जवळजवळ तीन तास पडत होते. ते खुर्चीवर बसत, अंगठ्याला थुंकी लावत आणि सुरू करत. कालव्यातील पाणवनस्पती काढणे. चौकीदारांच्या छत्र्यांचा रंग. उंदरांनी पोखरलेल्या बांधाबाबत पूर्वीच्या परिपत्रकातील दुरुस्ती. पैलवान पाय पसरून आडवा होई, तिसऱ्या परिच्छेदाला डोळे मिटे, आणि पट्ट्यावर हिरवा दिवा लागे.

बाई स्वयंपाकघरात भेंडी चिरत बसत. पंचवीस वर्षांच्या पोरीला सासरी धाडावं तसं त्यांना वाटे, फक्त सासर बैठकीच्या खोलीत होतं. एकदा त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. पैलवानानं सबनिसांच्या चपलेवर हनुवटी टेकवली होती. त्या संध्याकाळची भाजी फार बारीक चिरली गेली.

मग त्या हळू बोलायला शिकू लागल्या. आरशासमोर उभं राहून "पैलवान, जेवायला" म्हणायच्या आणि दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या फोनमध्ये ते ऐकू येतंय का बघायच्या. भाजीवाल्याला हळू आवाजात "कोथिंबीर ताजी आहे का?" विचारलं, तर त्यानं घाबरून पाणी आणून दिलं. समोरच्या मोहितेवहिनी दोन वेळा वरण-भात घेऊन आल्या आणि "डॉक्टर काय म्हणतात?" म्हणून हात धरून बसल्या. "मला काही झालेलं नाही!" असं बाई ओरडल्या तेव्हा वहिनींच्या जिवात जीव आला, आणि पैलवानाचा लाल दिवा लागला.

एकदा सबनीस फाईल बांधत असताना बाईंनी विचारलं, "सबनीस, हे तुम्ही एकट्यानं मोठ्यानं का वाचायचात?"

सबनिसांनी दोऱ्याची गाठ मारली. "आमची ही, नलिनी, शेवटी वर्षभर अंथरुणावर होती. तिला वाचून दाखवायचो. घरात दुसरं काही वाचायला नव्हतं. ती म्हणायची, काय वाचता ते कळत नाही, पण तुम्ही आहात एवढं कळतं." ते उठले. "मग सवय राहिली. भिंतीकडे तोंड करून वाचायचो. पलीकडे कुणी ऐकतंय हे ठाऊक नव्हतं."

बाईंनी त्या दिवशी त्यांना चहा दिला. त्यानंतर रोजच देऊ लागल्या. उंबऱ्याच्या अलीकडून हात लांब करून.

*

एकोणचाळिसाव्या दिवशी चौऱ्याण्णव तास भरले होते. तीन वाजता सबनीस आले ते मफलर गुंडाळून. त्यांनी बाईंच्या हातात चिठ्ठी दिली: आवाज बसला आहे. कळावे.

"बसला म्हणजे?"

सबनिसांनी तोंड उघडलं. दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला. पैलवानानं कान टवकारले आणि पलंगाकडे पाहिलं.

बाईंनी आधीचं ध्वनिमुद्रण फोनवर लावलं. पैलवानानं फोन हुंगला, फोनच्या मागे सबनीस आहेत का पाहिलं, मग समोरच्या सबनिसांकडे पाहिलं. हे काय चाललंय ते न कळून तो कण्हायला लागला. लाल दिवा. ईशानीला फोन केला. ती म्हणाली, "सहा तास कमी पडले तर रखवालदार पुन्हा उभे राहतील, बाई. अर्धी मेलेली गाठ परत वाढेल. काहीही करा."

सबनिसांनी फाईल उघडली आणि बाईंपुढे धरली.

"मी?" बाई म्हणाल्या. "माझा आवाज ऐकून त्याचं काय होतं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

सबनिसांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं आणि मग त्याच बोटानं ये अशी खूण केली.

बाईंचे गुडघे कुरकुरत होते, तरी त्या जमिनीवर बसल्या, पैलवानाच्या शेजारी. चष्मा सापडेना. चष्मा सापडला तेव्हा पुसायला पदर सापडेना. खरं तर धीर होत नव्हता. त्यांनी एक हात पैलवानाच्या पाठीवर ठेवला आणि नुसत्या बसून राहिल्या. एकतीस वर्षं ज्या गळ्याचा अभिमान बाळगला, तो गळा उघडायची भीती वाटत होती. पट्ट्याकडे बघायचीही भीती वाटत होती. सबनीस मान खाली घालून फाईलमध्ये सोपं पान शोधत होते.

शेवटी बाईंनी वाचायला घेतलं. "विषय," त्या कुजबुजल्या. "चौकीदारांना... पुरवावयाच्या... कंदिलांच्या वाती." सबनिसांनी पेन्सिलीनं हवेत खूण केली: आणखी सपाट. बाईंनी आणखी सपाट केलं. "वातींची रुंदी... पूर्वीप्रमाणेच ठेवण्यात यावी." दुसऱ्या पानावर सबनिसांनी त्यांच्या खांद्याला पेन्सिल टोचली आणि पट्ट्याकडे दाखवली.

दिवा हिरवा होता.

बाईंचा आवाज फुटला, म्हणजे हुंदका आला, पण तोही त्यांनी सपाट काढला. दोन तास वाचलं. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी दोन. कंदिलांच्या वाती संपल्या, तेव्हा शंभर तास भरले होते.

*

महिन्यानं निकाल आला. ईशानीनं पायाचा नवा फोटो लावला. गाठीच्या जागी मेलेल्या पेशींचा चुरा उरला होता, तोही शेजारच्या पेशी उचलत होत्या. फुप्फुसं स्वच्छ होती. पैलवान थोडा लंगडणार होता आणि दर तीन महिन्यांनी तपासायला आणावा लागणार होता.

"कॅन्सरनं हुकूम पाळला, बाई," ईशानी म्हणाली.

बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. ईशानी दोन पावलं पुढे गेली.

"आणखी एक दाखवायचं होतं." तिनं टॅबलेट काढला. "हा एकोणचाळिसावा दिवस. तुम्ही वाचायला सुरुवात केलीत तीन वाजून एकतीस मिनिटांनी. इथं तुमचं 'विषय' ऐकू येतं. आणि हिरवा दिवा लागला तो इथं." तिनं बोट मागे सरकवलं. "तीन बावीस."

"तेव्हा मी काहीच बोलत नव्हते. नुसती बसले होते."

"हो बाई. म्हणजे परिपत्रकाची गरज नव्हतीच. तुम्ही गप्प राहून शेजारी बसलात, तेवढंच त्याला पुरलं."

बाईंनी त्या नऊ मिनिटांच्या सपाट रेषेवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर सबनीस एका लॅब्राडॉरवाल्याला समजावत होते. आवाज परत आला होता. "लॅब्राडॉरला बांधाचं नका वाचू, त्याला गाळ काढण्याबाबतचं लागू पडेल. पैलवानाचं वेगळं. त्याला तपशील लागतो." त्यांच्या बगलेत फाईल होती. आज कुणीही आणायला सांगितली नव्हती.

"थोरात," बाई म्हणाल्या.

"हो बाई?"

"हे नऊ मिनिटांचं त्यांना सांगायचं नाही."

ईशानीनं टाचा जुळवल्या. "नाही सांगणार."

बाई बाहेर आल्या. सबनीस उठून उभे राहिले. "काय म्हणाली?"

"बरा झाला. परिपत्रकांचाच गुण आला म्हणाली."

सबनिसांचा चेहरा उजळला. "कुठल्या? नक्की कुठल्या परिपत्रकाचा?"

"ते म्हणे सांगता येत नाही," बाई हळू म्हणाल्या. "सगळी पुन्हा वाचून बघावी लागतील."

"सगळी? बाई, घरी अजून दोन ट्रंका आहेत."

"मग मी चहा तीनलाच टाकत जाईन," बाई म्हणाल्या, आणि प्रवासी क्रमांक दोनला पट्टा लावायला पुढे झाल्या.